इलेक्ट्रिक गाडीचे नवे ब्रेक बसवताय? आधी बॅटरी फुल्ल करा

इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारला नवे रोटर (गॅरेजवाले डिस्कच म्हणतात) आणि पॅड टाकले, तरी ते नीट ‘बसत’ नाहीत, म्हणजे एकमेकांवर घासून जुळत नाहीत. कारण पाय उचलला की मोटरच गाडी थोपवते आणि पॅड डिस्कला जेमतेम टेकतात. मग महागाचे पॅड घालूनही ब्रेक कुचकामी वाटतात, आवाज येतो तो वेगळाच.

उपाय फुकटातला आहे. बॅटरी १०० टक्के भरलेली असताना रीजन (मोटरने गाडी थोपवून वीज परत बॅटरीत भरणं) बरंच कमी होतं, कारण वीज साठवायला जागाच नसते. म्हणून:

१. बसवण्याआधी नव्या डिस्कवरचं संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसा.

२. रात्री पूर्ण चार्ज करा, रीजन सगळ्यात खालच्या पातळीवर ठेवा आणि पहाटेच निघा. पुण्यात गतिरोधक नसलेला मोकळा, सरळ पट्टा शोधणं हेच यातलं अवघड काम!

३. आधी दोन-तीनदा हलके ब्रेक मारा. मग ताशी ६० वरून १५ पर्यंत, मध्यम जोराने, आठ-दहा वेळा. प्रत्येक वेळी मध्ये अर्धा मिनिट गाडी चालू द्या.

४. शेवटी दहा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता फिरवा. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभं राहू नका. पॅडचा ठसा उमटतो आणि पेडल थरथरतं. पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा.

हे कात्रज किंवा खंबाटकी घाटात मात्र अजिबात करू नका. भरलेली बॅटरी, उतार आणि न बसलेले पॅड एकत्र आले तर गाडी आवरणं कठीण.