हट्टी कुत्र्याला घरातल्या प्रत्येकाचं ऐकायला कसं शिकवावं

सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पों पों आवाज आला की आमचा काळू फाटकाबाहेर. सासूबाई सोप्यावरून, म्हणजे ओसरीवरून, हाक मारायच्या, "काळू, हांगा यो!" मी स्वयंपाकघराच्या दारातून, "काळू, इकडे ये!" लेक जिन्यावरून, "कम, काळू, कम!" काळू मान वळवूनही बघायचा नाही. मग दीर अंगणात येऊन एक शीळ घालायचा, आणि हा शेपूट हलवत त्याच्या पायाशी.

दोन वर्षं आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो. पण त्याला खायला घालणारा, फिरवणारा, खेळवणारा एकटा दीरच होता. बाकी तिघांच्या तीन हाका, आणि त्यातल्या एकीनंही काळूचं कधी काही भलं झालं नव्हतं. त्याने का यावं?

गावठी कुत्रा पिढ्यानपिढ्या माणसाच्या आसपास राहिला, पण पोट त्याने स्वतःच्या अकलेवर भरलं. बीगलसारखी शिकारी जातही नाकामागे धावायलाच तयार झालेली. अशा कुत्र्याला सांगितलेलं कळतं, पण ते करून आपल्याला काय मिळणार हे तो आधी बघतो. म्हणून सुरुवात घरातल्या माणसांपासून करावी लागते.

आधी तब्येत बघा

आपल्याकडे पावसाळ्यात कुत्र्यांचे कान चिघळतात, गोचिडांमुळे ताप येतो. दुखणाऱ्या कुत्र्याला ऐकायला जड जातं. अचानक ऐकेनासा झाला असेल तर शिकवणी बाजूला ठेवून त्याला डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लसही वेळच्या वेळी द्या.

घरभर एकच शब्द

सगळ्यांनी एकत्र बसून पाच शब्द ठरवा आणि कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. आमच्या घरात मराठी आणि कोकणी दोन्ही बोलतात, त्यामुळे हे काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. "बस" दोन्हीकडे सारखंच, तो प्रश्न मिटला. मराठी "थांब" की कोकणी "राव"? सासूबाई या वयात शब्द बदलणार नव्हत्या, म्हणून सगळ्यांनी "राव" घेतलं. बाकीचे तीन "ये", "सोड" आणि "जागेवर".

प्रत्येक शब्दाला हाताची एक खूण जोडा आणि तीही सगळ्यांची एकच ठेवा. शब्दापेक्षा खूण कुत्र्याला लवकर उमगते, आणि आजीचा बारीक आवाज, मुलांचा चिरका आवाज यांतला फरक मग आड येत नाही. शब्द एकदाच उच्चारा. "बस, बस, अरे बस ना" असं म्हणत राहिलात तर चौथ्या "बस"ला बसायचं असतं, हेच तो शिकेल.

वाटी सगळ्यांच्या हातात

रोजचं जेवण घालण्याची पाळी लावा. ज्याची पाळी असेल त्याने आधी "बस" म्हणायचं, तो बसला की मगच ताटली खाली. दिवसातून दोन वेळा, कष्टाविना होणारी ही शिकवणी आहे.

बक्षिसासाठी मीठ-मसाला न घालता उकडलेली कोंबडी किंवा काटे नीट काढलेला बांगडा वाटाण्याएवढे तुकडे करून ठेवा. श्रावणात घरात मासे-मटण नसतं, तेव्हा पनीर किंवा उकडलेलं रताळं चालतं. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका मात्र अजिबात नकोत. मनुका घातलेला शिरा प्रेमाने भरवणारी माणसं प्रत्येक घरात असतात, त्यांना हे स्पष्ट सांगा. आम्ही सोप्यावर एक करवंटी ठेवली होती. शिकवायला बसणाऱ्याने फ्रिजमधले तुकडे तीत घ्यायचे आणि उरलेले लगेच परत ठेवायचे, नाहीतर पाच मिनिटांत मुंग्या.

एकेकाने शिकवायचं

तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, एवढंच. ऊन चढण्याआधी किंवा संध्याकाळी, आतल्या शांत खोलीत. तुकडा त्याच्या नाकाजवळ धरा आणि हळूच डोक्यावरून मागे न्या. नाक वर जातं तसा पार्श्वभाग खाली टेकतो. टेकला त्याच क्षणी "शाब्बास" आणि तुकडा. दोन-तीन सेकंद उशीर झाला तर बक्षीस कशाचं ते त्याला कळत नाही. आठ-दहा वेळा जमलं की हात रिकामा ठेवून तीच खूण करा आणि तुकडा दुसऱ्या हातातून द्या.

कुत्रा ज्याचं ऐकतो त्याने या वेळी समोर थांबू नये. सासूबाई पहिल्यांदा करवंटी घेऊन बसल्या तेव्हा काळू सारखा दाराकडे दिराला शोधत होता. त्यांनी हात वर नेला, काळूने त्या हाताकडे बघितलं, पुन्हा दाराकडे, आणि मग अगदी सावकाश बसला. सासूबाईंनी घाईघाईत एकदम तीन तुकडे दिले! तीन आठवड्यांत त्यांच्या नुसत्या हाताच्या खुणेवर तो बसू लागला.

खोलीत जमलं म्हणजे अंगणात जमेल असं धरून चालू नका. माणूस बदलला, जागा बदलली की कुत्र्याला धडा नवा वाटतो. प्रत्येकाने प्रत्येक जागी सोप्या धड्यापासून सुरुवात करायची.

"ये" सगळ्यांत जपून

याच शब्दाने उद्या तुमचा कुत्रा रस्त्यावरच्या गाडीखालून वाचणार आहे. म्हणून "ये" म्हणून बोलावल्यावर कधीही रागावू नका, आंघोळीला ओढू नका, औषध पाजू नका. त्यासाठी स्वतः उठून त्याच्यापाशी जा. अर्धा तास भटकून आला तरी आल्याबद्दल शाबासकीच द्या, कारण मार बसला तर त्याला तो परत येण्याचाच वाटतो.

दोघं जण अंगणात पाच मीटरवर उभे राहा आणि आळीपाळीने बोलवा. प्रत्येक वेळी तुकडा. हळूहळू अंतर वाढवा, मग तिसरा माणूस खेळात घ्या. मोकळ्या जागी दहा मीटरची लांब दोरी अंगपट्ट्याला बांधा, गळपट्ट्याला नको. हाकेला आला नाही तर ओरडू नका, दोरी धरून हळूहळू जवळ आणा.

पोदेराची परीक्षा सर्वांत शेवटी. आधी फाटक बंद ठेवून, घराच्या मागच्या बाजूला, जिथे पों पों आवाज बारीक येतो तिथे. आम्हाला फाटकापर्यंत यायला दोन महिने लागले.

मुलं

लहान मुलांनी मोठ्यांच्या समोरच शिकवावं आणि तुकडा उघड्या तळहातावर द्यावा. जेवणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला हात लावू नये. तो गुरगुरला तर त्याला दटावू नका, मुलाला बाजूला घ्या. गुरगुरणं दाबलं तर पुढच्या वेळी इशारा न देताच तो चावू शकतो. चावण्यापर्यंत वेळ आली असेल तर घरगुती उपायांत न अडकता डॉक्टरांकडे जा.

कुत्र्याला दाखवून द्या घरात मालक कोण, त्याला उताणा पाडून दाबून धरा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ऐकू नका. ती कल्पना प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या आणि 1947 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून आली. पुढे ती लोकप्रिय करणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच 1999 मध्ये लिहिलं, की जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं असतात, मालकीसाठी झगडणारी टोळी नव्हे. दबून राहणारा कुत्रा फार तर एकाचं ऐकेल, तेही तो समोर असेपर्यंत.

पाचही शब्द मुरले की तुकडे कमी करा, कधी द्या, कधी नुसती शाबासकी. "ये"ला मात्र सढळ हाताने देत राहा. आणि गणेश चवथीचे फटाके, दिवाळीतली नरकासुराची रात्र या दिवसांत काहीही शिकवू नका. त्याला आतल्या खोलीत घ्या, खिडक्या लावा, पंखा मोठा करा आणि घरातलं कोणीतरी एक जण त्याच्यापाशी बसा.