शब्दांचे शिल्प उभे करताना या चुका टाळा

शब्दांचे शिल्प म्हणजे पत्र्यासारख्या साहित्यातून अक्षरे घडवून उभे केलेले वाक्य. ते करणाऱ्यांची सर्वांत महाग चूक म्हणजे क्युरेटरशी, म्हणजे प्रदर्शनाची आखणी करणाऱ्याशी, बोलणे पत्रा कापून झाल्यावर सुरू करणे. तोवर व्हॉट्सॲपवर फोटो गेलेला असतो, पलीकडून अंगठा आलेला असतो आणि दोघेही त्यालाच चर्चा म्हणत असतात. मी पुण्यातल्या कलादालनांत मांडणीची कामे करतो, आणि आता कोणी ‘क्युरेटरना दाखवले आहे’ असे म्हणाले की, ‘वाचून दाखवले आहे का?’ असे विचारतो. फोटो पाहणाऱ्याला चकाकी, प्रमाण आणि सावली दिसते. अक्षरे तो वाचतोच असे नाही.

एका प्रदर्शनातले वाक्य होते, ‘दऱ्या उतरल्या की आवाज वर राहतो’. अक्षरे सहा मिलिमीटरच्या एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या पोलादाच्या) पत्र्यातून भोसरीत लेझरवर कापून घ्यायची होती. कलावंत मुलीने मजकूर फोनवरून पाठवला. तो कटिंगवाल्याच्या संगणकातल्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये उतरेना, म्हणून त्याने तो नव्याने टाइप केला आणि ‘ऱ्य’ कळफलकावर सापडेना म्हणून सरळ रफार देऊन मोकळा झाला. कापून आले ते ‘दर्या उतरल्या की’. दऱ्यांचा समुद्र झाला, तोही व्याकरण मोडून. फोटोला मात्र सगळ्यांची पसंती मिळाली होती. मांडणीच्या रात्री अक्षरे भिंतीला टेकवून पातळी बघत असताना ही गोष्ट ध्यानात आली.

खरा घोळ त्यानंतर झाला. क्युरेटर म्हणाले, ‘अपघाताने का होईना, अर्थाला नवा पदर सुटला आहे, ठेवू या’; आणि अर्ध्या तासात संदिग्धतेवर भिंतीवरच्या टिपणाचा एक परिच्छेदही लिहून तयार झाला. मुलगी नवखी होती, ती जवळजवळ मान डोलावणार होती. चूक झाकण्यासाठी सिद्धान्त शोधण्याची ही सवय मला अजिबात मान्य नाही. शब्द बदलायचा असेल तर तो कलावंताने बदलावा, क्युरेटरने त्यावर भांडावे, पण हे सारे कापण्याआधी व्हावे. त्या रात्री दोघांचे दोन तास कडाक्याचे भांडण झाले आणि वाक्याची पहिली खरी चर्चा तीच ठरली. शेवटी शब्द पुन्हा कापायचे ठरले, पण दुसरा दिवस गुरुवार, म्हणजे औद्योगिक वसाहतीची सुट्टी. उद्घाटन त्याच संध्याकाळी होते, त्यामुळे पहिल्या शब्दाच्या जागी तपकिरी कागदाचा साचा चिकटवावा लागला.

तेव्हापासून माझा नेम असा आहे की कटिंगवाल्याला टाइप केलेला मजकूर पाठवायचाच नाही. अक्षरांचे कर्व्ह करून घेतलेली, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा असलेली फाइल द्यायची, आणि तिची प्रत्यक्ष मापाची कागदी प्रत भिंतीवर लावून कलावंत आणि क्युरेटर या दोघांना समोर उभे करून वाक्य मोठ्याने वाचायला लावायचे, आधी सुरुवातीपासून आणि मग शेवटच्या शब्दापासून उलटे. उलटे वाचताना अर्थ पुढे ओढून नेत नाही, त्यामुळे रफार, वेलांट्या आणि अनुस्वार डोळ्यांत भरतात. ‘एवढा वेळ नाही’ असे म्हणणाऱ्यांकडे पत्रा दुसऱ्यांदा कापायला वेळ कुठून येतो, हे मला कळत नाही.

दुसरी माझी आवडती चूक अमेरिकन कलावंत लॉरेन्स वायनर यांच्या नावावर खपवली जाते. वायनर स्वतःला शिल्पकार म्हणवीत आणि दगड-लोखंडाऐवजी भाषा हीच आपली सामग्री मानीत. 1968 च्या त्यांच्या निवेदनानुसार कृती कलावंताने घडवली, दुसऱ्याकडून घडवून घेतली किंवा घडवलीच नाही, तरी या तिन्ही गोष्टी सारख्याच. उतावीळ मंडळी इथवर वाचतात आणि ‘वाक्य म्हणजेच शिल्प, कुठेही लावा’ असे सांगून मोकळी होतात. पण कृती कोणत्या अवस्थेत असावी याचा निर्णय ती स्वीकारणाऱ्याकडे असतो, असे निवेदनाचे शेवटचे वाक्य आहे, म्हणजे समोरच्याशी करार त्यातच आहे. शिवाय वायनर यांनी आपल्या वाक्यांसाठी स्वतःचा टंकही तयार केला होता. संगणकात सापडेल तो फॉन्ट चालवून घेणाऱ्यांनी त्यांचा आधार घेऊ नये.

आपल्याकडे तो सापडलेला फॉन्ट बहुधा ‘मंगल’ असतो. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी तो संगणकाच्या पडद्यावर वाचण्यासाठी घडवला. दोन फुटी लोखंडी अक्षराचा भार त्याच्यावर टाकणे अन्यायाचे आहे. अक्षर आणि ते घडवण्याची सामग्री यांचा विचार एकत्र कसा होतो ते पाहायचे असेल तर मुंबईचे कलावंत जितीश कल्लाट यांची 2007 सालची ‘पब्लिक नोटिस 2’ पाहावी. दांडीयात्रेच्या आदल्या दिवशीचे, 11 मार्च 1930 चे गांधीजींचे भाषण त्यात हाडांच्या आकाराच्या सुमारे साडेचार हजार तुकड्यांतून अक्षर-अक्षर मांडलेले आहे, आणि ती हाडे काढून तिथे चकचकीत ॲक्रिलिक बसवले तर ते शिल्प उरत नाही.

देवनागरीत ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणे नकळत येतात, तीही कागदावरच तपासावीत.

सुटी अक्षरे उभी करताना शिरोरेषा, मात्रा आणि रफार एकमेकांना धरून राहतात, पण अनुस्वार अधांतरी असतो. त्याला मागून स्वतंत्र सळई द्यावी लागते. पत्र्यात अक्षराच्या आकाराचे भोक आरपार कापताना ‘व’ आणि ‘ब’ यांची पोटे गळून पडतात, म्हणून त्यांना धरून ठेवणारे पत्र्याचे अरुंद पूल ठेवावेत, आणि ते कुठे ठेवायचे हे यंत्रचालकाने नव्हे, कलावंताने ठरवावे. उघड्या अंगणात एमएस ठेवणार असाल तर पुण्याच्या पावसाळ्यात तो गंजणारच आणि भिंतीवर ओघळ येणारच. गंज हवा आहे की नको, ते जूनच्या आधी ठरवावे.

भिंतीवरच्या टिपणात शिल्पातले वाक्य पुन्हा छापू नये.

शब्द, विरामचिन्हे, ओळ कुठे तुटते, अक्षरांची उंची, भाषांतर चालेल की नाही, क्युरेटरला काय हलवता येईल आणि प्रदर्शनानंतर कटिंगची फाइल कोणाकडे राहील, एवढे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. ‘आपल्यात कशाला कागद’ असे म्हणणाऱ्या मित्रांकडून सही आधी घ्यावी.