एमजीबीचा पार्ट घेण्याआधी व्हर्नियर काढा

"हालोलला एमजीचा कारखाना आहे ना, मग पार्टची कसली चिंता?" बडोद्यात माझी गाडी पाहिली की दहातले आठ जण हेच विचारतात. हालोलला आज बनणाऱ्या गाड्यांचा आणि माझ्या लाल रोडस्टरचा (उघड्या टपाच्या दोन सीटरचा) संबंध बिल्ल्यापुरता. माझी एमजीबी इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनची. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, म्हणून साठ वर्षांच्या गाडीचे पार्ट आजही नवे बनतात. पार्ट मिळत नाही ही तक्रारच नाही. एकाच नावाचे चार मिळतात, त्यातला आपला कोणता हे ठरवताना घाम फुटतो.

मी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) क्वालिटी इन्स्पेक्शनमध्ये सत्तावीस वर्षं काढली. पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचे अंश मोजणारं माप, असतो.

पहिलं काम म्हणजे आरसी बुकातलं वर्ष विसरायचं. माझ्या आरसीवर १९६७ आहे, पण ते नोंदणीचं. चॅसी नंबर जीएचएन३ ने सुरू होतो, म्हणजे गाडी पहिल्या मालिकेतली. इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या उजव्या अंगाला रिव्हेट मारलेल्या पट्टीवर असतो. रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन ती पट्टी घासा. १८जी किंवा १८जीए निघालं तर क्रँकला (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याला) तीन मेन बेअरिंग, १८जीबीपासून पुढे पाच. माझं १८जीबी. इंजिन मधल्या काळात कोणीतरी बदललेलंही असू शकतं, म्हणून दोन्ही नंबर वेगवेगळे लिहून ठेवा आणि मागवताना दोन्ही सांगा. बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय तेही पाहून ठेवा. पहिल्या मालिकेत प्लस बॉडीला असायचं, पण कोणी मिस्त्रीने उलटं करून दिलेलं असतं. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किट उलटा जोडला तर किल्ली फिरवताच पैसे गेले.

आता ॲम्बॅसडर. जुन्या गाड्यांचे पार्ट विकणाऱ्या एका दुकानदाराने मला सांगितलं, "बेन, एकज एंजिन छे, लई जाओ." खोटं बोलत नव्हता तो. ॲम्बॅसडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसीच्या) बी-सीरिज इंजिनांतली सख्खी भावंडं. स्ट्रोकसुद्धा (पिस्टनची वर-खाली चाल) दोघांचा ८८.९ मिमी. रॉकर कव्हरचं गॅस्केट मी त्याच्याकडूनच घेते, शंभरदा. पण त्या दिवशी त्याने हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेडच्या मधलं, पुढे केलं. काउंटरवरच व्हर्नियर लावला. ॲम्बॅसडरचा बोर (सिलिंडरचा आतला व्यास) ७३.०२ मिमी, गॅस्केटचं भोक त्याहून जरासं मोठं. माझा बोर ८०.२६. म्हणजे गॅस्केटची कड चारही सिलिंडरांत चहूबाजूंनी अडीच-तीन मिमी आत डोकावणार आणि आगीत जळत बसणार. वरून स्टडची भोकं नजरेला जुळतात, त्यामुळे बसवणाऱ्याला संशयही येत नाही. दुकानदार चष्मा वर करून बघत राहिला, मग म्हणाला, "चा पीशो?" चहा प्यायले, गॅस्केट इंग्लंडहून मागवलं.

नटबोल्टचंही तसंच. या गाडीला मुख्यतः इंची बारीक आटे आहेत. ५/१६ चा बोल्ट ७.९४ मिमीचा, आपला एम८ बरोबर ८ चा. हातात दोन्ही सारखेच. एम८ एखादा फेरा गोड जातो, मग अडतो, आणि मिस्त्री पान्याने जोर लावतो की ब्लॉकमधले आटे मेले. म्हणून बोल्ट हाताने शेवटपर्यंत गेला नाही तर पाना उचलायचाच नाही. तेरा नंबरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर चालतो असं म्हणणाऱ्याला गाडीजवळ फिरकू देऊ नका. नट १२.७ चा असतो, कोपरे गोल होतात.

रबराच्या बाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही. तेलकट खोक्यातला, कधीही न वापरलेला, साठ-सत्तरच्या दशकातला मूळ कंपनीचा ब्रेक होज पाहिला की शौकीन लोक हळवे होतात. लोखंडाचा पार्ट असता तर मीही झाले असते. रबर मात्र खोक्यात पडूनही म्हातारं होतं. ब्रेकचे होज, सील, पेट्रोलचे पाइप नवेच घ्या. पेट्रोलचा पाइप घेताना आता वीस टक्के इथेनॉल धरूनच चला. इथेनॉल सोसणारा, आर९ छापलेला पाइप महाग वाटेल, पण गरम एक्झॉस्टच्या शेजारी तडकलेला पाइप एकदा पाहिला की वाटणार नाही. पुढच्या सस्पेन्शनचे बुश मी एमजीबीच्याच व्ही८ मॉडेलचे बसवलेत, रबराला धातूची नळी असलेले. पॉलियुरेथिनचे टिकतात खरे, पण मांडवीच्या रस्त्यावर माझी कंबर टिकत नाही.

थर्मोस्टॅट तीन मिळतात: ७४, ८२ आणि ८८ अंशांचे. बडोद्याच्या मे महिन्यासाठी ७४ चा. नवा आहे म्हणून विश्वास ठेवू नका. मी तो दोऱ्याला बांधून चहाच्या पातेल्यात पाण्यात सोडते, तळाला टेकू न देता, बाजूला थर्मामीटर. आई एकदा स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "हा कसला काढा?" त्या दिवशीचा नवाकोरा नग ८५ ला हलला, परत केला. जुना धुऊन तपासला तर ७५ ला उघडला. अजून तोच चालतोय.

डिस्ट्रिब्यूटरच्या रोटरबद्दल, म्हणजे फिरत फिरत एकेका प्लगला ठिणगी वाटणाऱ्या तुकड्याबद्दल, थोडं जास्त सांगते, कारण रस्त्यात गाडी बंद पाडणारा हाच. हल्लीच्या स्वस्त रोटरमध्ये पितळी पट्टी रिव्हेटने धरलेली असते आणि रिव्हेट आत शाफ्टच्या फार जवळ जातो. इंजिन तापलं की ठिणगी प्लगकडे जायचं सोडून तिथून शाफ्टमध्ये उतरते. गाडी घरी सुरू होते, वीस किलोमीटरवर बंद पडते, थंड झाली की परत सुरू, आणि सगळे गाडीतल्या पेट्रोल पंपाला दोष देतात. म्हणून रिव्हेट नसलेला लाल रोटर मागवा. कंडेन्सरही जुना नीट चालत असेल तर नव्याच्या मोहाने काढू नका. नवा बसवलाच तर जुना रोटर आणि कंडेन्सर एका पिशवीत घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा, सोबत एक स्क्रू ड्रायव्हर. पावागडहून परतताना हालोलच्या अलीकडे मी एकदा त्या पिशवीच्या जिवावर घरी आले, तेही एमजीच्या कारखान्यापासून जवळच.