लिजंडरी शस्त्र मिळवण्याच्या अटी: काय आधी करावे आणि काय पुढे ढकलावे

साहसी व्हिडिओ गेममध्ये एखादे नावाजलेले शस्त्र कुठे आहे हे कळले की बहुतेक खेळाडू थेट तिकडे धाव घेतात, आणि तिथे पोहोचल्यावर त्यांच्या लक्षात येते की तलवार डोळ्यांसमोर आहे, पण ती उचलण्याची पात्रता अजून आपल्या पात्राकडे नाही. हा हेलपाटा टाळायचा असेल तर अट वाचतानाच तिचा प्रकार ओळखावा लागतो. काही अटी केव्हाही पूर्ण करता येतात. काही अटींचे दार कथा पुढे सरकली की कायमचे बंद होते. आणि काही अटी इतक्या विक्षिप्त असतात की त्या सोडून देणेच शहाणपणाचे ठरते. आर्वी, पुसद किंवा वरुडकडच्या एखाद्या गावात बसून खेळणाऱ्याला याखेरीज लाईनचा, म्हणजे विजेचाही हिशेब ठेवावा लागतो, आणि तो हिशेब कोणत्या गेममध्ये कसा बदलतो हेही ओघाने येईलच.

केव्हाही पूर्ण होणाऱ्या अटी

या प्रकारचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे २०१७ साली आलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या गेममधली मास्टर सोर्ड. ती कोरोक फॉरेस्टमध्ये, ग्रेट डेकू ट्री या महावृक्षासमोरच्या चौथऱ्यात रोवलेली असते, आणि ती उपसण्यासाठी १३ हार्ट, म्हणजे पात्राचा जीव मोजणारी हृदये, लागतात. पात्र सुरुवातीला ३ हार्ट घेऊन निघते, म्हणजे आणखी १० मिळवायचे असतात. प्रत्येक श्राइन, म्हणजे कोडी किंवा लढाई असलेले छोटे मंदिर, सोडवल्यावर एक स्पिरिट ऑर्ब मिळतो आणि चार ऑर्ब देऊन देवीच्या मूर्तीकडून एक हार्ट किंवा थोडा स्टॅमिना (दम) घेता येतो. त्यामुळे केवळ श्राइनच्या बळावर जायचे म्हटले तर ४० श्राइन सोडवावे लागतील. मात्र चार डिव्हाइन बीस्ट या महाकाय यंत्रप्राण्यांपैकी प्रत्येक जिंकल्यावर एक हार्ट आपसूक मिळतो, म्हणून दोन बीस्ट झाले असतील तर ३२ श्राइन पुरतात आणि चारही झाले असतील तर २४. गेममध्ये एकूण १२० श्राइन असल्यामुळे अवघड श्राइन सोडून सोपे तेवढे वेचण्याची पूर्ण मुभा आहे, आणि ती घ्यावी. माझ्या मते दोन बीस्ट आणि ३२ श्राइन हा मार्ग सर्वांत बरा, कारण चारही बीस्ट संपवल्यानंतर तलवार मिळाली तर ती वापरायला मोठ्या लढाया फारशा उरत नाहीत.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली ही की विशिष्ट पदार्थ रांधून खाल्ल्यावर जे पिवळे हार्ट वाढतात ते तात्पुरते असतात आणि या परीक्षेत धरले जात नाहीत. लाल हार्टच तेरा हवेत आणि ते पूर्ण भरलेले हवेत. तलवारीच्या मुठीला हात घालून बटण दाबून धरले की हार्ट एकेक करून रिकामे होऊ लागतात, शेवटच्या हार्टचाही जेमतेम तुकडा उरतो, आणि बोट काढून घ्यावे असे वाटू लागते त्याच क्षणी ती निघते. म्हणून जाण्यापूर्वी पोटभर खाऊन किंवा झोप घेऊन सगळे हार्ट भरून घ्यावेत. दुसरी गोष्ट अशी की ज्याने आधी सगळे ऑर्ब स्टॅमिनावर खर्च केले आहेत त्याचेही काही बिघडलेले नसते. हातेनो गावाजवळच्या तळ्यापाशी शिंगे असलेली एक मूर्ती आहे. ती आधी धाक घालून काहीतरी काढून घेते आणि परत करते, पण त्यानंतर मात्र हार्टचा किंवा स्टॅमिनाचा एक हिस्सा १०० रुपींना (रुपी हे गेममधले चलन) विकत घेते आणि हवा तो हिस्सा १२० रुपींना देते. एका अदलाबदलीत २० रुपींचे नुकसान होते, जे अगदीच किरकोळ आहे. स्टॅमिना विकून हार्ट घ्यावेत, तलवार उपसावी आणि हवे असल्यास पुन्हा हार्ट विकून स्टॅमिना परत घ्यावा. मिळालेली तलवार कोणी काढून घेत नाही.

वाटेतल्या लॉस्ट वुड्स या धुक्याच्या जंगलात पुष्कळ जण अडकतात. तिथे पेटत्या मशालींच्या मागाने चालावे, आणि पुढे त्या संपल्यावर स्वतःच्या हातात मशाल पेटवून तिच्या ठिणग्या ज्या दिशेला उडतात त्या दिशेने जावे. वारा दिशा बदलला की आपणही वळावे. धुके दाटले की गेम परत सुरुवातीला आणून सोडतो, पण त्यात गमावण्यासारखे काही नसते.

२०२३ साली आलेल्या पुढच्या भागात, ‘टिअर्स ऑफ द किंगडम’मध्ये, हीच तलवार आहे, पण अट उलटी आहे. तिथे हार्ट कितीही असले तरी उपयोग नाही. स्टॅमिनाची दोन पूर्ण वर्तुळे लागतात. ज्यांनी अजून कथा पाहिलेली नाही त्यांनी हा परिच्छेद इथेच सोडावा, कारण ती तलवार आकाशात ठरलेल्या मार्गाने फिरणाऱ्या लाइट ड्रॅगनच्या डोक्यात रुतलेली असते. सुरुवातीला एक वर्तुळ असते, दुसरे पाच हिश्श्यांनी पूर्ण होते आणि प्रत्येक हिश्श्याला चार श्राइन लागतात, म्हणजे एकूण २०. आधीच्या भागाच्या सवयीने सगळे काही हार्टवर घालवणारे खेळाडू इथे फसतात, आणि याचे कारण इतकेच की त्यांनी अट न वाचता सवय वाचलेली असते.

२०११ सालच्या ‘स्कायरिम’मधली डॉनब्रेकर ही तलवार तर याहूनही सोपी आहे. पात्राची पातळी १२ झाली की कुठल्यातरी पेटीत मेरिडियाचा बीकन आपोआप सापडतो. तो किलक्रीथच्या डोंगरावरील मूर्तीपाशी न्यावा, खालच्या मंदिरात प्रकाशकिरणाच्या मागाने जाऊन माल्कोरनला हरवावे, आणि तलवार घ्यावी. या गेमच्या मूळ आवृत्तीला अवघी २ जीबी रॅम आणि ६ जीबी जागा पुरत असल्यामुळे तालुक्याच्या ठिकाणाहून आणलेल्या जुन्या संगणकावरही ती चालते. नव्या खेळाडूने सुरुवात इथूनच करावी, असे मी सुचवीन.

अंगी बाणवायच्या अटी

२०२२ सालच्या ‘एल्डन रिंग’मध्ये अट दुपदरी असते. शस्त्र मिळवणे हा एक भाग आणि ते पेलणे हा दुसरा. स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, इंटेलिजन्स, फेथ आणि आर्केन या गुणांचे ठरावीक आकडे गाठल्याशिवाय शस्त्र हातात धरता येते, पण त्याचा मार पडत नाही आणि त्याचे खास कौशल्यही नीट वापरता येत नाही. डार्क मून ग्रेटसोर्डचे उदाहरण घ्यावे. तिला स्ट्रेंग्थ १६, डेक्स्टेरिटी ११ आणि इंटेलिजन्स ३८ लागते, आणि ती रानी नावाच्या पात्राच्या लांबलचक कथेच्या अखेरीस मिळते. ही कथा राडान या बलाढ्य शत्रूला हरवल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि नोक्रोन या भूमिगत नगरातून आणावयाची वस्तूही त्याच्या पराभवानंतरच हाती लागते. म्हणजे ही तलवार हवी असेल तर सुरुवातीपासून इंटेलिजन्स वाढवत राहावे आणि कथेचे टप्पे बाजूने उरकत जावेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी तयार झाल्या तर मधला काळ फुकट जात नाही.

ताकदीवर चालणाऱ्या शस्त्रांना एक पळवाट आहे, आणि ती अनेकांना ठाऊक नसते. शस्त्र दोन्ही हातांनी धरल्यास स्ट्रेंग्थ दीडपट धरली जाते. कॅसल मोर्नमध्ये मिळणाऱ्या ग्राफ्टेड ब्लेड ग्रेटसोर्डला ४० स्ट्रेंग्थ आणि १४ डेक्स्टेरिटी लागते. पण प्रत्यक्षात २७ स्ट्रेंग्थ असली तरी दोन्ही हातांनी धरल्यावर ती ४० मानली जाते, म्हणजे तब्बल १३ पातळ्यांची मेहनत वाचते. गुणांचे वाटप चुकलेच तर रेनाला या शत्रूला हरवल्यानंतर तिच्याकडे लार्व्हल टिअर ही वस्तू देऊन सर्व गुण नव्याने वाटून घेता येतात. त्यामुळे गुणांच्या अटीची धास्ती घेण्याचे कारण नाही. ती नेहमीच दुरुस्त होणारी अट आहे.

दार बंद होणाऱ्या अटी

खरी सावधगिरी इथे हवी. याच ‘एल्डन रिंग’मध्ये लेजंडरी म्हणून गणलेली ९ शस्त्रे आहेत आणि ती सर्व गोळा केल्यास एक वेगळा सन्मान मिळतो. त्यांपैकी बोल्ट ऑफ ग्रॅन्सॅक्स हा भाला लेंडेल या राजधानीत आहे, आणि मलिकेथ या शत्रूला हरवल्यावर ती राजधानी राखेखाली गाडली जाते. भाला आधी घेतला नसेल तर त्या खेळात तो पुन्हा मिळत नाही. तो मिळवायचा तर सगळा प्रवास नव्याने करावा लागतो. वापसा निघून गेल्यावर वावरात तिफन घालून उपयोग नसतो, त्यातलाच हा प्रकार आहे. शिवाय हा गेम स्वतःच सतत सेव्ह करत असतो आणि आधीच्या टप्प्यावर परतण्याची सोय देत नाही. त्यामुळे लाईन गेल्याने इथे फारसे नुकसान होत नाही, पण चुकलेला निर्णय मात्र कायमचा नोंदला जातो. संगणकावर खेळणाऱ्याने मोठ्या लढाईपूर्वी सेव्हच्या फोल्डरची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.

म्हणून माझा सल्ला असा की संपूर्ण मार्गदर्शिका आधी वाचू नये, कारण मग खेळण्यात रस उरत नाही. फक्त कोणती गोष्ट कशामुळे हातची जाते एवढेच शोधून वाचावे. एका वहीत प्रत्येक शस्त्रापुढे ते कुठे आहे, काय लागते आणि काय केल्यावर ते बंद होते, इतके लिहिले तरी काम भागते. पडद्यावरचे शब्द इंग्रजी असतात आणि व्हिडिओ बहुतेक हिंदीत सापडतात, त्यामुळे गुणांची व ठिकाणांची नावे वहीत पडद्यावर दिसतात तशीच उतरवावीत, म्हणजे ऐन वेळी घोळ होत नाही. दिवसाचा डेटा संपण्याआधी एवढे वाचून होते.

विक्षिप्त अटी

२००६ सालच्या ‘फायनल फँटसी १२’मध्ये झोडिअॅक स्पिअर हवा असेल तर वाटेतल्या चार विशिष्ट पेट्या उघडायच्या नसतात, आणि त्या कोणत्या हे गेम कुठेही सांगत नाही. पेटी दिसली की उघडावी हा प्रत्येक खेळाडूचा स्वभाव असताना अशी अट घालणे हा निव्वळ खोडसाळपणा होता. २०१७ सालच्या सुधारित आवृत्तीत ती काढून टाकली गेली. त्यामुळे कोणतीही माहिती वाचताना ती आपल्याकडच्या आवृत्तीची आहे की नाही हे आधी तपासावे.

२००० सालच्या ‘फायनल फँटसी ९’मधील एक्सकॅलिबर २ साठी १२ तासांच्या आत मेमोरिया या शेवटच्या भागात पोहोचावे लागते. हे तास सेव्हमधल्या घड्याळाचे असतात, भिंतीवरच्या नव्हे. त्यामुळे आठवडाभर लाईनचा लपंडाव चालला तरी बिघडत नाही. तरीही पहिल्या खेळात या नादी लागू नये, कारण घाईत सगळी कथाच हुकते. ‘फायनल फँटसी १०’मध्ये लुलू या पात्राच्या अंतिम शस्त्राचे बळ उघडण्यासाठी थंडर प्लेन्समध्ये सलग २०० विजा चुकवाव्या लागतात. आपल्याकडे मे महिन्यात संध्याकाळी गावातले सगळे कूलर एकदम सुरू होतात, व्होल्टेज पडते, आणि कधी डीपीच जळते. अशा वेळी १८० पर्यंत आलेली मोजणी वाया जाऊ शकते. हे काम हिवाळ्यात, ओलिताची रात्रपाळी नसेल त्या दिवशी आणि इन्व्हर्टर भरलेला असतानाच करावे.

मोबाइलवरील ‘गेन्शिन इम्पॅक्ट’सारख्या गेममधील पाच तारांकित शस्त्रे बहुतांशी नशिबाच्या सोडतीतून मिळतात. शस्त्रांच्या सोडतीत ८० वेळांत एक पाच तारांकित शस्त्र नक्की मिळते आणि एका वेळेला १६० प्रिमोजेम (गेममधले चलन) लागतात, म्हणजे वाईटात वाईट परिस्थितीत १२,८०० प्रिमोजेम खर्च होतात. ते दररोज खेळून साठवता येतात. त्यासाठी घरातल्या कोणाच्या खात्यातून पैसे भरण्याची गरज नाही, आणि भरूही नयेत.

शस्त्र मिळाल्यानंतर

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मधल्या मास्टर सोर्डची ताकद ३० असते आणि गार्डियनसारख्या शत्रूंसमोर ती ६० होते. ती तुटत नाही, फक्त थकते आणि १० मिनिटांत पुन्हा सज्ज होते. ती कायमची ६० करायची असेल तर वेगळ्याने विकत घ्यावयाच्या ‘मास्टर ट्रायल्स’ या विस्तारातील ट्रायल ऑफ द सोर्ड पूर्ण करावी लागते. तिचे अनेक मजल्यांचे तीन टप्पे असून प्रत्येक टप्प्यानंतर ताकद १० ने वाढते. आत जाताना अंगावरचे कपडे, शस्त्रे आणि अन्न सर्व काढून घेतले जाते, आणि टप्प्याच्या मध्ये सेव्ह करता येत नाही. स्विच हे गेमचे यंत्र हातात घेऊन खेळणाऱ्याला बॅटरीचा आधार असतो, पण टीव्हीला जोडून खेळणाऱ्याने लाईन गेल्यावर घाबरून गेम बंद करू नये; यंत्र डॉकमधून (टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमधून) काढून वरचे बटण एकदा दाबावे, म्हणजे ते झोपेच्या अवस्थेत जाते आणि लाईन आल्यावर ज्या मजल्यावर होतो तिथूनच पुढे सुरू होते.