बायपासनंतर कॅल्शियम कसं जमवलं

गॅस्ट्रिक बायपासनंतर, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, कॅल्शियमची गोळी घेतली की पोट फुगायचं, बद्धकोष्ठ व्हायचं. गोळी कार्बोनेटची होती. ती विरघळायला जठरातलं आम्ल लागतं, आणि आमच्या जठराच्या उरलेल्या इवल्याशा पिशवीत ते फारसं उरत नाही. डॉक्टरांना विचारून सायट्रेट सुरू केलं. ते रिकाम्या पोटीही चालतं. पाकिटावरचा मोठा आकडा मात्र फसवा असतो. १००० मिग्रॅ कॅल्शियम सायट्रेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम २१० मिग्रॅच्या आसपासच! 'एलिमेंटल' असं लिहिलेला आकडा बघायचा.

दिवसाला १२०० ते १५०० मिग्रॅ हवं, पण एका वेळी ५००-६०० च्या वर शरीर नीट शोषत नाही. म्हणून सकाळी, दुपारी चारला आणि झोपताना असे भाग केले. लोहाची गोळी दुपारी एकला, कॅल्शियमपासून दोन तास तरी लांब.

चारच्या खाण्याला पनीर किंवा उकडलेलं अंडं. प्रथिनं ६० ते ८० ग्रॅम व्हायला हवीत. नुसत्या फुटाण्यांनी पोट आधी भरतं, आकडा गाठत नाही. प्रोटीन बार घेतलाच तर साखर बघून. गोड जास्त झालं की डम्पिंग (खाल्लेलं झपाट्यानं आतड्यात उतरणं) ठरलेलं: घाम, धडधड आणि संडासकडे धाव.