अपयशात प्रार्थना करताय? या चुका टाळा

वागळे इस्टेटमधल्या माझ्या छापखान्याचं शटर मी एका शनिवारी शेवटचं ओढलं आणि सोमवारी सकाळी नेहमीसारखा डबा घेऊन घराबाहेर पडलो. बायकोला काहीच सांगितलं नव्हतं. ठाण्याहून पनवेलची गाडी पकडायची, ऐरोली, रबाळे, घणसोली करत शेवटच्या स्टेशनपर्यंत जायचं, तिथल्या बाकावर बसून डबा खायचा आणि संध्याकाळी घरी. असे अकरा दिवस काढले. त्या दिवसांत मी प्रार्थना सोडली नव्हती. उलट खिडकीशी बसून जितकी प्रार्थना केली, तितकी त्याआधी कधीच केली नसेल. तरी आत काही हलत नव्हतं.

पुढे कळलं की प्रार्थना कमी पडत नव्हती, मी तिच्यात लपून बसलो होतो. आता आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं माझ्याजवळ येऊन बसतात. कुणाची नोकरी गेलेली, कुणाची सीएची परीक्षा चौथ्यांदा राहिलेली, कुणाचं लग्न मोडलेलं. त्यांच्या बोलण्यात मला माझ्याच चुका ऐकू येतात, म्हणून हे लिहितोय.

देवापुढे गोलमोल बोलणं

गाडीतली माझी प्रार्थना अशी असायची: “हे दयाळू पित्या, तू सर्व जाणतोस, आमच्या परिस्थितीत हात घाल.” शब्द चांगलेच होते, उपासनेत आपण तेच ऐकतो. पण त्या ‘परिस्थिती’ या एका शब्दाखाली मी सगळं झाकून ठेवलं होतं.

नवव्या की दहाव्या दिवशी, कोपरखैरणे गेल्यावर, गाडीचा डबा जवळपास रिकामा झाला होता. लग्नपत्रिकांची बंडलं बांधताना उरलेला एक कोरा कागद खिशात होता. त्यावर लिहायला लागलो. “प्रभू, दोन रंगांचं मशीन घेतलं तेव्हा हातात काम नव्हतं. पत्रिका मोबाइलवर जायला लागल्यात हे मला दिसत होतं. दादाकडून १ लाख ६० हजार घेतले तेव्हा मोठी ऑर्डर पक्की आहे असं सांगितलं. ती पक्की नव्हती. मी दादाशी खोटं बोललो.” तुर्भे येईपर्यंत हात थरथरत होता. पण त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं, की आज मी खरंच कुणाशी तरी बोललोय.

म्हणून माझं सांगणं असं, की रक्कम असेल तर रक्कम सांगा, माणूस असेल तर त्याचं नाव घ्या, कुठे खोटं बोललात ते सांगा. बायबलमधल्या स्तोत्रांकडे बघा. १३ व्या स्तोत्रात पहिल्या दोन ओळींतच देवाला चार वेळा ‘किती काळ’ असं विचारलंय. ८८ वं स्तोत्र तर शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं, शेवटी आशेची एक ओळही जोडलेली नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तेव्हा गोड शेवट सापडेपर्यंत थांबायची गरज नाही, जिथे आहात तिथून बोला.

‘कुठल्या पापाची शिक्षा?’ याचाच पिच्छा पुरवणं

हा प्रश्न बाहेरून कुणी विचारायच्या आधी आपणच आपल्याला विचारतो. बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेला शब्द मोडला म्हणून का? दान चुकलं म्हणून का? योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात येशूचे शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून हेच विचारतात, पाप कुणाचं, ह्याचं की आईबापांचं? प्रभू म्हणतो, ह्याचंही नाही आणि त्यांचंही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली, तेव्हाही ती इतरांहून जास्त पापी होती हे त्याने मान्य केलं नाही.

पण याची दुसरी बाजूही मला तितकीच धोक्याची वाटते. सगळं सैतानावर नाहीतर कुणाच्या नजरेवर ढकलायचं आणि मोकळं व्हायचं. मी एका वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे जे माझ्या हातात नव्हतं: कागदाचे भाव, बंद पडलेलं गिऱ्हाईक. उजवीकडे जे मी केलं: घाईने घेतलेलं मशीन, दादाशी बोललेलं खोटं, बायकोपासून लपवलेलं शटर. डावीकडचं देवाच्या हाती सोपवायचं, उजवीकडचं कबूल करायचं. दोन्हींची खिचडी केलीत तर ना धीर मिळतो, ना क्षमा.

नवस बोलणं

आपण ज्या मातीत वाढलो तिथे नवस आहे, त्यामुळे तो आपल्याही प्रार्थनेत शिरतो. ‘कर्ज फेडून दे, मग पुढे दर महिन्याला इतकं दान देईन.’ माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे सलग नऊ आठवड्यांच्या प्रार्थनेला, जाणारे माझे कॅथलिक मित्र आहेत, मीही त्यांच्याबरोबर गेलोय. नोव्हेना वाईट नाही, माणसाला नियमाने गुडघ्यावर आणणारी कुठलीच गोष्ट वाईट नाही. पण नऊ आठवडे मोजून देवाच्या नावाने बिल फाडायचं असेल तर दहाव्या आठवड्याला कडवटपणाच हाती लागतो. प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीन वेळा विनंती केली. काटा निघाला नाही, पण उत्तर मिळालं.

पश्चात्ताप झाला म्हणजे तोंड लपवणं

इथे मला थोडं थांबायचंय, कारण माणसं सगळ्यात जास्त इथेच मोडतात.

प्रभूला धरून देणारा शिष्य यहूदा, त्यालाही पस्तावा झाला होता. तीस रुपये परत घेऊन तो मुख्य याजकांकडे गेला, मी निर्दोष माणसाला धरून दिलं असं स्वतःच्या तोंडाने म्हणाला. त्यांनी, त्याच्याशी आमचा काय संबंध, तुझं तू बघ, असं म्हणून वाटेला लावलं. तिथून तो एकटा गेला आणि परत आला नाही. त्याच रात्री दुसरा शिष्य पेत्र, त्यानेही प्रभूला तीन वेळा नाकारलं होतं. तोही बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडला. मला दोघांच्या दुःखात फार फरक दिसत नाही. फरक पुढच्या दिवसांत आहे. पेत्र उरलेल्यांच्या सोबत राहिला. लाज घेऊन, काही न बोलता असेल, पण राहिला. म्हणून तर कबरेपाशी ‘त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा’ असं नाव घेऊन सांगितलं गेलं, तेव्हा तो निरोप पोचायला पेत्र जागेवर होता.

योहानाने एक बारीक गोष्ट टिपून ठेवली आहे. अंगणात पेत्र शेकत उभा होता तो कोळशाचा विस्तव होता, आणि नंतर समुद्रकाठी प्रभूने मासे भाजायला पेटवला होता तोही कोळशाचा विस्तव. तोच वास पेत्राच्या नाकात परत गेला असणार. आणि तिथे पहिला प्रश्न विचारला गेला नाही. आधी ‘या, न्याहारी करा’ म्हटलं. ‘माझ्यावर प्रीती करतोस का’ हे जेवण झाल्यावर, आणि तीन वेळा.

रविवारी उपासना सुटल्यावर अंगणात ‘सलाम, काय म्हणतो छापखाना?’ या एका प्रश्नाच्या भीतीने मी लागोपाठ तीन रविवार चर्चला गेलो नाही. तुम्हीही टाळत असाल तर एक सोपा उपाय करा. सगळ्यांना सांगायची काहीच गरज नाही, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. एक माणूस निवडा, तुमच्या गोष्टीचा बाजार न मांडणारा. कॅथलिक असाल तर फादरकडे कन्फेशनची वाट उघडी आहेच. मी पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी उपदेश केला नाही. ऐकून झाल्यावर एवढंच विचारलं, “घरी सांगितलंस?” त्या रात्री बायकोला सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग विचारलं, “अकरा दिवस कुठे बसून जेवत होतास?”

झोप, अन्न आणि डॉक्टरांच्या जागी प्रार्थना ठेवणं

एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून ‘आता माझा जीव घे’ म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपवास करायला सांगितलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवलं, तो खाऊन पुन्हा झोपला, मग पुन्हा उठवून जेवायला सांगितलं. चाळीस दिवसांची चाल त्यानंतर.

रात्री झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर प्रार्थना चालू ठेवा आणि डॉक्टरकडेही जा. १४४१६ हा सरकारच्या टेलीमानस सेवेचा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. आपल्याकडे ‘ठाण्याला पाठवावं लागेल’ हे वाक्य हसण्यावारी वापरतात. मनोरुग्णालय आमच्या गावात, म्हणून आमचं नावच त्याला चिकटलं. त्या एका वाक्याच्या लाजेपायी किती माणसं दारापाशी येऊन परत फिरली असतील, याचा विचार करून मला वाईट वाटतं. औषध घेणं म्हणजे अविश्वास असं कुणी सांगितलं, तर ते मनावर घेऊ नका.

घाईने साक्ष देणं

आमच्या सभांमध्ये साक्षीला मान आहे, असायलाच हवा. पण अपयशाला महिनाही झाला नसताना ‘देवाने यातून मला काय शिकवलं’ हे उभं राहून सांगायची घाई करू नका, आणि दुसऱ्याला तर मुळीच करायला लावू नका.

याच ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेला जोर्दानुस नावाचा धर्मबंधू त्या दिवसांत गुजरातच्या वाटेवर होता. परत येऊन त्याने सोबत्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. नंतरच्या त्याच्या पत्रात विजयाचा सूर नाही. आपण त्यांच्यापासून वेगळे झालो त्या घटकेला तो दोष देतो, आजारपण आणि एकटेपण सांगतो. १३२९ मध्ये तो कोल्लमचा बिशप नेमला गेला, म्हणजे मध्ये आठ वर्षं गेली. ठाण्यात राहून मला हे फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा बरं वाटलं.

देवाने क्षमा केली म्हणून माणसांचं देणं विसरणं

हे थोडक्यात. वेदीपाशी अर्पण ठेव आणि आधी भावाशी समेट कर, असं मत्तयाच्या ५ व्या अध्यायात आहे. जक्कय या जकातदाराने तर लुबाडलेलं चौपट परत करीन म्हटलं. चौपट राहू द्या, यादी करा. कुणाचे किती, दर महिन्याला काय झेपेल. पैसे नसले तरी फोन उचला. न उचललेला फोन बुडवलेल्या पैशांपेक्षा जास्त लागतो, हे मला घेणेकऱ्यांनीच सांगितलं.

ऐरोलीला दादाकडे मी ३ हजार रुपये घेऊन गेलो. ऑर्डर पक्की नव्हती हेही सांगितलं. तो काही बोलला नाही, टीव्हीचा आवाज तेवढा कमी केला. नोटा मोजल्या, कपाटातून डायरी काढून लिहिलं: ३ मिळाले, १ लाख ५७ बाकी. सही करायला डायरी माझ्यापुढे सरकवली. मी पेन शोधत होतो, तेवढ्यात वहिनी आतून म्हणाली, “दोन भाकरी जास्तीच्या टाकू ना?”