रंग बदलला, पण कशामुळे?

नॅनोकणांच्या सेन्सरवर, म्हणजे नमुन्यात एखादा ठरावीक रेणू आहे का ते दाखवणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवर, काम करायला येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना एका दृश्याची भुरळ पडलेली असते. लाल द्रावणात थेंब पडतो आणि द्रावण निळं होतं. मलाही ती पडली होती, आणि अजून ओसरलेली नाही. पण प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते: रंग बदलला हे निरीक्षण झालं, आपण शोधत असलेला रेणू सापडला हा निष्कर्ष. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत कसं पोहोचायचं, हे शिकण्यातच इथली बहुतेक मेहनत जाते.

छोटे रेणू ओळखणं मुळात अवघड का, ते नीट समजून घ्या. मेलामाइनचा (दुधातल्या भेसळीत सापडणारं रसायन) रेणुभार १२६, डोपामिनचा (मेंदूतला संदेशवाहक) १५३, ग्लुकोजचा १८०. ठरावीक रेणूला धरणाऱ्या प्रतिपिंडाचा (अँटिबॉडी) सुमारे दीड लाख. प्रथिन मोठं असतं, त्याला दोन बाजूंनी दोन प्रतिपिंडं धरू शकतात. गर्भधारणेच्या चाचणीची पट्टी याच तत्त्वावर चालते. छोट्या रेणूवर दुसऱ्या प्रतिपिंडाला जागाच उरत नाही. मग स्पर्धा लावावी लागते. नमुन्यातला रेणू आणि पट्टीवर आधीच बसवलेला तोच रेणू एकाच प्रतिपिंडासाठी झगडतात. नमुन्यात पदार्थ जितका जास्त, तितकी रेघ फिकी. अशी पट्टी वाचताना नवखा माणूस हमखास उलटा निकाल सांगतो.

दुसरा मार्ग म्हणजे रेणू भेटला की स्वतःच बदलणारं द्रव्य. याचे प्रकार बरेच आहेत. कणांची सुबक रचना आत अडकवलेलं हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारं जेल) १९९७ मध्ये शिशाचे आयन आणि ग्लुकोज ओळखण्यासाठी वापरलं गेलं. जेल फुगलं की कणांमधलं अंतर वाढतं आणि परावर्तित रंग तांबड्याकडे सरकतो. विशिष्ट डीएनए गुंडाळलेल्या कार्बन नॅनोट्यूब डोपामिनच्या सान्निध्यात अवरक्त पट्ट्यात जास्त चमकतात. सगळंच मोहात पाडणारं आहे, पण सुरुवात सोन्याच्या कणांपासून करा. ते स्वस्तात बनतात, आणि काय घडतंय ते डोळ्यांना दिसतं.

सोन्याचे कण बनवायची टर्केविच यांची १९५१ची पद्धत आजही पहिला धडा म्हणून उत्तम आहे. उकळत्या क्लोरोऑरिक आम्लात (सोन्याचं संयुग) सोडियम सायट्रेट एकदम ओतायचं. फिकट पिवळा रंग जातो, थोडा वेळ द्रावण रंगहीन दिसतं, मग करडं-काळपट, मग जांभळट, आणि काही मिनिटांत गर्द लाल. लाल होण्याआधीचे टप्पे नीट पाहा. ते रेंगाळले किंवा शेवटी जांभळटपणा राहिला, तर बहुधा काचेवर काहीतरी चिकटलेलं होतं. म्हणून काचसामान अम्लराजाने (सोनंही विरघळवणारं आम्लांचं मिश्रण) धुतात. ते फ्यूम हूडमध्येच (धूर खेचून घेणारं कपाट), हातमोजे आणि चष्मा घालून, आणि कधीही बंद बाटलीत किंवा सेंद्रिय द्रावकाजवळ नाही. इथे घाई करणाऱ्याला मी प्रयोगशाळेत उभं करत नाही. तयार कोलॉइड (कण तरंगत असलेलं द्रावण) फ्रिजमध्ये ठेवा, पण गोठू देऊ नका. गोठलं की कण एकमेकांना कायमचे चिकटतात.

१३ नॅनोमीटरचे कण ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात. त्यांचा मोलर शोषण गुणांक (ते किती जोरात प्रकाश शोषतात याचं माप) सुमारे २७ कोटी आहे, म्हणजे एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मोजमापाची पारदर्शक नळी) शोषण १ आलं तर कणांची संहती साधारण ३.७ नॅनोमोलर. हा हिशेब तोंडपाठ असू द्या. आपल्या नळीत किती कण आहेत हे माहीत नसताना डीएनए (तो कशासाठी, ते पुढे येतंच) किती घालायचं, ते ठरवणारी मुलं पाहिली की मला खरंच काळजी वाटते.

आता गाभ्याचा भाग. ॲप्टामर म्हणजे विशिष्ट रेणूला धरणारा, निवडून काढलेला डीएनए किंवा आरएनएचा तुकडा. ही निवडपद्धत १९९० मध्ये आली. सायट्रेटमुळे कणांवर ऋण प्रभार असतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. मीठ घातलं की हे लोटणं दबतं, कण गोळा होतात, द्रावण निळं पडतं. सुटा, एकपदरी डीएनए कणांवर बसला तर मिठापासून बचाव होतो. कल्पना अशी की रेणू आला की ॲप्टामर त्याच्याभोवती घडी घालतो, कणांवरून सुटतो, आणि मीठ आपलं काम करतं.

सुंदर कल्पना आहे. अडचण इतकीच की सोन्याला छोटे रेणूही आवडतात. गंधक किंवा अमाइन गट असलेले कित्येक रेणू थेट कणांवर जाऊन बसतात. मेलामाइन आणि सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) तर ॲप्टामरशिवायच रंग बदलवतात. आर्सेनिकसाठी वर्षानुवर्षे वापरात असलेला एक ॲप्टामर आर्सेनिक धरतच नाही, असं २०१९ मध्ये दाखवलं गेलं; आर्सेनिक स्वतःच सोन्यावर बसत होतं. मधल्या काळात त्या ॲप्टामरवर किती पेपर निघाले असतील, याचा विचार करा.

म्हणून आपल्या रेणूची नळी लावाल तेव्हा शेजारी आणखी काही नळ्या हव्यातच. एकीत डीएनए न घालता फक्त कण, रेणू आणि मीठ. एकीत तितक्याच लांबीचा, तेच बेस पण क्रम विस्कटलेला डीएनए. बाकीच्यांत आपल्या रेणूचे सख्खे शेजारी: ॲडेनोसिन शोधत असाल तर त्याच्यासारखेच दिसणारे ग्वानोसिन, सायटिडिन, युरिडिन. विस्कटलेल्या क्रमानेही तोच रंग दिला, तर सेन्सर ॲप्टामरमुळे चालत नाही हे कबूल करून पुढे जा. शक्य असेल तर सोनं पूर्ण बाजूला ठेवून, आयटीसीसारख्या (रेणू जोडले जाताना होणारा उष्णतेचा बदल मोजणाऱ्या) पद्धतीने रेणू आणि ॲप्टामर एकमेकांना धरतात का ते मोजा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण ते पहिल्या महिन्यात करा, प्रबंध लिहिताना नाही.

शोधमर्यादेच्या, म्हणजे सेन्सर किती कमी प्रमाण ओळखतो याच्या, शर्यतीबद्दल माझं मत जरा कडक आहे. कोऱ्या नमुन्याच्या प्रमाण विचलनाची तिप्पट भागिले कॅलिब्रेशन रेषेचा उतार, हे सूत्र सगळ्यांना येतं. पण रक्तातलं ग्लुकोज मिलिमोलरमध्ये असतं. तिथे दहा लाख पटींनी लहान अशी नॅनोमोलर मर्यादा कुणाच्या उपयोगाची? मेलामाइनसाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं) सर्वसाधारण अन्नातली मर्यादा किलोला २.५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे साधारण २० मायक्रोमोलर. आपली रेषा या आकड्याच्या दोन्ही बाजूंना विश्वासाने वाचता येते का, हे पाहा. डोपामिनची गोष्ट वेगळी: मेंदूत ते नॅनोमोलर पातळीवर, आणि शेजारी ॲस्कॉर्बिक आम्ल शेकडो मायक्रोमोलर. तिथे संवेदनशीलतेइतकीच निवडकता लागते.

आणि बफरमधून (प्रयोगशाळेतलं स्वच्छ द्रावण) खऱ्या नमुन्यात जायला उशीर करू नका. सीरममधली (रक्तातला पेशीविरहित द्रव) प्रथिनं कणांना गुंडाळून टाकतात; मग कितीही मीठ घाला, रेणू असूनही द्रावण लालच राहतं. नमुना विरळ केला तर रेणूही विरळ होतो. ज्ञात मात्रा मिसळून ती किती परत मिळते ते मोजा, आणि तोच नमुना एलसी-एमएसवरही (रेणू वेगळे करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) तपासा. विषय ठरवतानाच गाइडना विचारा की हे यंत्र कुठे आणि कधी मिळेल. त्यावर नेहमी रांग असते.